वखारीतल्या गाडीला पाठीमागचा डोळा



मी अमरावतीला राजापेठेत राहतो. बडनेऱ्याकडे जाणारा रस्ता जवळच आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे कट्टे भरलेल्या ट्रॉल्या राजापेठच्या रेल्वे पुलाच्या बाजूने दिवसभर जाताना दिसतात आणि त्यानंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात. ट्रॉलीवर पोत्यांच्या वर बसलेला म्हातारा, त्याच्या कडेला नातू, आणि डोक्याला शेला गुंडाळून ट्रॅक्टर हाकणारा मुलगा, हे चित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे. ही माणसे वखारीच्या फाटकातून आत गेल्यावर काय होते, त्यावर मात्र आपण फारसे बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी मी ओळखीच्या एका शेतकऱ्याबरोबर माल ठेवायला एका गोदामात गेलो होतो. गोदामाचे नाव सांगत नाही. दुपारची वेळ होती. बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार. एक फोर्कलिफ्ट थप्पीकडून मागे मागे येत होती. चालवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. तो मान वळवून डाव्या बाजूने मागे पाहत होता. उजवीकडून एक वयस्क हमाल डोक्यावर पोते घेऊन वाकून चालला होता. पोत्यामुळे त्याला गाडी दिसली नाही आणि गाडीच्या मागच्या जाड वजनामुळे मुलाला तो दिसला नाही. मागचे चाक त्याच्या पायावर गेले. आम्ही ओरडलो, पण गोदामात त्या वेळी दोन ट्रक सुरू होते. आमचा आवाज कोणाला ऐकू जाणार?

हमालाचा पाय घोट्यापासून गेला. त्या मुलाला त्याच संध्याकाळी कामावरून काढले. तो मुलगा नंतर माझ्याशी बोलला तेव्हा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मले तो दिसलाच नाही, सायेब. देवाची आण, दिसलाच नाही."

त्याच्यावर माझा तेव्हाही विश्वास होता. पण तो बोलत होता ते अक्षरशः खरे होते, हे मला नंतर कळले. ते कसे कळले, ते आज तुम्हाला सांगायचे आहे.

गाडी आहे कशी?

ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुढे दोन जाड लोखंडी काटे असतात, गंजीवरचे वैरण काढायच्या दाताळ्यासारखे, पण दोनच दातांचे आणि आडवे. हे काटे एका उभ्या शिडीसारख्या सांगाड्यावर तेलाच्या दाबाने वर-खाली होतात. लाकडी फळ्यांच्या चौकटीवर पोती रचलेली असतात, त्या चौकटीखाली काटे घालायचे आणि सगळी रास एकदम उचलायची. कापसाच्या गाठी उचलायच्या असतील तर काट्यांऐवजी दोन बाजूंनी आवळणारे पंजे लावतात. एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे आपल्या जवळजवळ पाच क्विंटल कापसातली रुई. अशा दोन-चार गाठी पंजात धरल्या की गाडीच्या तोंडासमोर भिंतच उभी राहते.

पुढे एवढे वजन उचलल्यावर गाडी तोंडावर पडू नये म्हणून मागे बिडाचे भलेमोठे वजन बसवलेले असते. तराजूच समजा. पुढची चाके म्हणजे तराजूची आस, एका पारड्यात तुमची पोती, दुसऱ्या पारड्यात बीड. तीन टन उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचे वजन चार टनांच्या वर असते. माल धरून ती सात टनांची होते. दिसायला ट्रॅक्टरपेक्षा ठेंगणी, म्हणून माणूस तिला भीत नाही. भ्यायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आहे, ती ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावी. ट्रॅक्टरची पुढची चाके वळतात. फोर्कलिफ्टची मागची वळतात. त्यामुळे चालवणाऱ्याने डावीकडे वळण घेतले की गाडीचे ढुंगण उजवीकडे फेकले जाते. जो माणूस उजवीकडे भिंतीला लागून उभा आहे आणि 'गाडी तर तिकडे चालली' असे समजतो, तोच नेमका सापडतो. थप्पी आणि गाडी यांच्यामध्ये, किंवा भिंत आणि गाडी यांच्यामध्ये कधीही उभे राहू नका. गाडी थांबलेली असली तरी नाही.

अमेरिकेत क्लार्क नावाच्या कंपनीने १९१७ साली आपल्याच कारखान्यात माल हलवण्यासाठी एक छोटी गाडी बनवली, तिला या गाड्यांची आजी म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा माल झपाट्याने चढवायचा-उतरवायचा होता, तेव्हा लाकडी चौकटी आणि या गाड्या जगभर पसरल्या. आपल्या वऱ्हाडात मात्र १८६७ साली मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली तेव्हापासून कापसाच्या गाठी माणसाच्या पाठीने आणि लोखंडी हुकानेच हलत आल्या. १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत लहानपणी आम्ही वडिलांबरोबर संकलन केंद्राबाहेर बैलगाडीखाली रात्र काढत असू, तेव्हा आत गाठी ढकलणारे हमाल पाहत असू. अजूनही सरकारी वखारींत बहुतेक पोती हमालांच्या पाठीवरूनच थप्पीला लागतात. ही गाडी आधी कारखान्यांत आली. आता मोठ्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, शीतगृहांत, औद्योगिक वसाहतीतल्या गोदामांत ती दिसते. नांदगाव पेठला कापडाच्या गिरण्या आल्या, आणि २०२४ च्या सप्टेंबरात अमरावतीच्या नव्या मोठ्या वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. आपल्याच गावांतली मुले या गाड्यांवर बसत आहेत. ज्यांच्या घरी दोन-तीन एकरच आहेत, त्यांचा एक मुलगा शेतीत आणि एक 'एमआयडीसीत', असे चालले आहे. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

मी खुर्चीवर बसून पाहिले

त्या अपघातानंतर बऱ्याच दिवसांनी दुसऱ्या एका गोदामात जाण्याचा योग आला. तिथल्या गाड्यांना कॅमेरे बसवले होते. तिथला चालक चाळिशीचा, शांत माणूस, दर्यापूरकडचा. मी त्याला म्हटले, मला तुझ्या खुर्चीवर बसू दे. त्याने गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात घातली आणि मग मला बसवले. किल्ली आधी खिशात घातली, हे मला फार आवडले.

समोर पाहिले तर शिडीचे दोन उभे खांब, त्यांच्यामध्ये साखळ्या आणि नळ्या. काट्यांवर पोत्यांची रास नव्हती तरीही समोरचे चित्र तुकड्यातुकड्यांतच दिसत होते. रास असती तर काहीच दिसले नसते. म्हणूनच पुढे माल उंच असेल तर गाडी उलटी, म्हणजे मागे तोंड करून चालवायची, असा अमेरिकेत कामगार-सुरक्षेचा नियमच आहे. उतारावर चढताना मात्र माल चढाच्या बाजूला ठेवायचा, तिथे गाडीच्या पुढे मदतनीस लागतो. आता विचार करा, पाळीतला अर्धा वेळ मान वळवून गाडी चालवायची. आपण औत धरून दिवसभर मागे पाहत चाललो तर संध्याकाळी मानेचे काय होईल?

मग मी मागे वळून पाहिले. चालकाला म्हटले, तू गाडीच्या मागे जा आणि हमाल वाकतो तसा वाकून उभा राहा. तो गेला. मला दिसेना. "आहेस का रे?" म्हणून मी हाक मारली. "हावो," म्हणाला. तीन पावले मागे गेला तेव्हा कुठे त्याच्या टोपीचा शेंडा दिसला. म्हणजे गाडीला चिकटून तीन पावलांचा पट्टा असा, की तिथे वाकलेला माणूस, पोते शिवायला बसलेली बाई किंवा उभे लेकरू असले तरी चालकाच्या डोळ्यांना ते नाहीच.

त्या मुलाचे म्हणणे मला तेव्हा पटले.

चालकाने किल्ली लावली. खुर्चीच्या बाजूला हाताच्या पंजाएवढा पडदा होता, तो उजळला. त्यात गाडीच्या मागची फरशी, बिडाच्या वजनाची कड आणि वाकलेला हमाल म्हणून आता उभा केलेला दुसरा मुलगा स्वच्छ दिसत होता. गाडी मागे टाकण्याची कळ दाबली की पडदा आपोआप सुरू होतो. मागच्या लोखंडी छताला एक छोटा कॅमेरा, लिंबाएवढा. एवढीच ती करामत.

कॅमेरे आणखी कुठे बसवतात ते त्याने दाखवले. एक काट्यांच्या मध्ये असतो. थप्पी पाच-सहा मीटर उंच असली की वरच्या चौकटीत काटे नेमके घालणे कठीण जाते. चालक खालून वर पाहतो, मान मोडते आणि अंदाज चुकतो. काटा पोत्यात घुसतो. पन्नास किलोच्या पोत्याला भोक पडले की सोयाबीन धारेने गळत राहते आणि खालच्या पोत्यांवर, फरशीवर, उंदरांच्या तोंडात जाते. मग काय करतात? एक माणूस थप्पीजवळ उभा राहून ओरडतो, "थोडं वर... आणखी थोडं... बस्स!" हा माणूस उचललेल्या मालाच्या अगदी खाली उभा असतो. काट्याजवळ कॅमेरा असेल तर चालक पडद्यात काट्याचे टोक आणि चौकटीचे भोक समोरासमोर पाहतो. पहिल्याच खेपेला काटा आत जातो. ओरडणारा माणूस तिथून दुसरीकडे कामाला लावता येतो. मला विचाराल तर या कॅमेऱ्याचा मोठा फायदा हाच आहे, की एक जीव उंच मालाच्या खालून बाजूला झाला. वेळ वाचतो आणि पोती फाटत नाहीत हा नफा मालकाचा. पण माल आपला ठेवलेला असेल तर पोते न फाटण्यात आपलाही नफा आहेच. वजनात घट आली की त्यावरून वाद कोणाशी होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

कंदिलाची काच

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मी पंचवीस-तीस वर्षे शेतकऱ्यांना नवी अवजारे दाखवत आलो आहे. अवजार विकणारा फक्त फायदे सांगतो. आपण तोटे विचारायचे.

जिनिंगमध्ये रुईचा तूस हवेत तरंगतो. सोयाबीनच्या गोदामात बारीक भुसा असतो. काचेवर दोन दिवसांत थर बसतो आणि पडद्यात सगळे धुक्यासारखे दिसते. वीज गावात नव्हती तेव्हा रोज सांजवेळी आई कंदिलाची काच राखेने पुसायची. कॅमेऱ्याची काचही रोज पाळी सुरू होण्याआधी पुसावी लागते. राखेने नव्हे, मऊ कापडाने. ज्या गोदामात हे काम कोणाचे हे ठरलेले नाही तिथला कॅमेरा महिनाभरात आंधळा होतो. आणि आंधळा कॅमेरा कॅमेरा नसण्यापेक्षा वाईट, कारण चालकाने मान वळवायची सवय सोडलेली असते. शीतगृहात आणखी एक पंचाईत आहे. गाडी थंडीतून बाहेर आली की काचेवर दहिवर धरते. तिथे काच गरम ठेवणारे कॅमेरे लागतात.

उन्हाचा प्रश्न माणसाच्या डोळ्यालाही आहे आणि कॅमेऱ्यालाही. वैशाखातल्या उन्हातून अंधाऱ्या गोदामात शिरल्यावर आपल्याला काही वेळ काहीच दिसत नाही. डोळा पुरता सरावायला कित्येक मिनिटे लागतात. गाडी मात्र दोन सेकंदांत दारातून आत गेलेली असते. हलक्या प्रतीचा कॅमेरा दारात उभा असताना त्याच्या पडद्यावर नुसता पांढरा उजेड दिसतो. म्हणून दाराशी थांबणे, भोंगा वाजवणे आणि मग आत जाणे हे कॅमेरा असला तरी चुकत नाही. दाराच्या आत दिवे जास्त लावले तर ते कॅमेऱ्याच्या निम्म्या कामाचे.

रुंद दृश्य दाखवणाऱ्या काचेत वस्तू आहे त्यापेक्षा लांब वाटते. पडद्यात माणूस चार पावलांवर दिसला तर तो दोन पावलांवर असू शकतो. तासाला दहा किलोमीटर वेगाने गाडी चालली तर एका सेकंदात ती पावणेतीन मीटर जाते. डोळ्याला दिसणे, मनाला उमगणे आणि पाय ब्रेकवर जाणे यातच एक सेकंद जातो. त्यातून बिनतारी कॅमेरा असेल तर पडद्यावरचे चित्र किंचित उशिरा येते. तारेचा कॅमेरा त्या दृष्टीने बरा. पण शिडीबरोबर वर-खाली होणारी तार घासून तुटते, ती तपासावी लागते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या २४, ४८ किंवा ८० व्होल्टच्या असतात, आणि बाजारातले साधे कॅमेरे १२ व्होल्टचे. मधे व्होल्ट उतरवणारे यंत्र न लावता कोणी जोडणी केली तर कॅमेरा जळेल. रुईच्या गोदामात तार कशीतरी पिळून, चिकटपट्टी लावून जोडली तर एका ठिणगीने काय होते, ते कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको. हे काम जाणत्या माणसानेच करावे.

अलीकडे माणूस ओळखणारे कॅमेरे निघाले आहेत. संगणकाला माणसांची हजारो चित्रे दाखवून शिकवलेले असते. पडद्यात माणसाचा आकार आला की तो पिवळा-लाल चौकोन काढतो आणि घंटा वाजवतो. खांबाला किंवा पोत्याला तो सहसा घंटा वाजवत नाही, हा त्याचा मोठेपणा. पण त्याला शिकवलेली माणसे बहुधा सरळ उभी, डोक्यावर टोप घातलेली. आपला हमाल डोक्यावर पोते आणि पाठीवर गोणपाट घेऊन कमरेत वाकलेला असतो. संगणक त्याला माणूस म्हणेल की पोते? विकत घेणाऱ्याने पैसे देण्याआधी आपल्याच गोदामात, आपल्याच हमालाला पोते देऊन चालवून पाहावे. खांबाआडून अचानक येणारा माणूस तर कोणत्याच कॅमेऱ्याला दिसत नाही.

माझे मत विचाराल तर खर्चाचा क्रम असा असावा. आधी फरशीवर पिवळे पट्टे मारून माणसांची वाट आणि गाडीची वाट वेगळी करावी. वळणावर फुगीर आरसे लावावेत. गाडीच्या मागे-पुढे फरशीवर निळा उजेडाचा ठिपका टाकणारे दिवे मिळतात, ते लावावेत. भोंग्याची माणसाला सवय होऊन जाते, पण पायाशी सरकत येणारा निळा ठिपका दिसला की पाय थांबतो. आणि मग कॅमेरा. पट्टे मारायला रंगाचा डबा लागतो, तेवढाही ज्याने आणला नाही, त्याने कॅमेरा लावला तर तो पाहुण्यांना दाखवायला लावला असे मी समजतो.

कॅमेऱ्यातले चित्र साठवून ठेवता येते, त्याविषयी कामगारांत कुरबूर असते. "आमच्यावर पाळत ठेवतेत," असे मला एकाने सांगितले. त्यात तथ्य नाही असे नाही. चालक पाणी प्यायला किती वेळ थांबला हे मोजायला मालक ते चित्र वापरू लागला तर चालक एक दिवस काचेवर चिखल फासेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण त्या बावीस वर्षांच्या मुलाच्या गाडीवर असे चित्र साठवलेले असते तर? त्याला माणूस दिसणे शक्यच नव्हते, आणि हमालांना गाडीच्या वाटेवरूनच जावे लागत होते, हे सगळ्यांना दिसले असते. चूक एकट्याच्या माथी मारता आली नसती. चित्र कोण पाहणार आणि कशासाठी, हे आधी कामगारांसमोर ठरवून घेतले तर भांडण उरत नाही.

मुलगा या कामाला लागत असेल तर

आई-बापांनी एक-दोन गोष्टी जरूर विचाराव्यात. शिक्षण कोण देणार आणि किती दिवस? नुसते "ट्रॅक्टर येते ना, मग बस" असे म्हणणारा मालक असेल तर सावध व्हा. मागची चाके वळणारी गाडी ट्रॅक्टरवाल्याला पहिल्या दिवशी फसवतेच. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला तर बसवूच नये. गाडीला पट्टा आहे का? पट्टा बांधणे चालकांना कमीपणाचे वाटते. पण उंच माल घेऊन वळताना ही गाडी कडब्याच्या उंच गाडीसारखी कलंडते. अशा वेळी उडी मारावीशी वाटते आणि उडी मारणाराच गाडीच्या लोखंडी छताखाली सापडतो. गाडी पडू लागली तर खुर्चीतच राहायचे, चाक घट्ट धरायचे, पाय रोवायचे आणि पडणाऱ्या बाजूच्या उलट झुकायचे. हे मुलाला दहा वेळा सांगा.

आणि काट्यावर माणूस उभा करून त्याला वर चढवायचे, दिवा बदलायला किंवा वरचे पोते ओढायला, हे मी जिल्ह्यात एकाहून अधिक ठिकाणी डोळ्यांनी पाहिले आहे. साहेबाने सांगितले तरी चढू नये.

अंगणातला ट्रॅक्टर

एवढे सगळे ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे फोर्कलिफ्ट? नाही, पण ट्रॅक्टर आहे. तुमचा नसेल तर शेजाऱ्याचा आहे. आज संध्याकाळी एक करून पाहा. ट्रॅक्टर बंद ठेवून, किल्ली काढून, खुर्चीवर बसा आणि ट्रॉलीच्या मागे कोणाला तरी बादली ठेवायला सांगा. रिकाम्या ट्रॉलीच्या मागेही बादली दिसायला ती बरीच लांब न्यावी लागेल. ट्रॉलीत कापूस भरलेला असेल तर बादली वेशीपर्यंत नेली तरी दिसणार नाही, कारण कापूस तुमच्या डोक्याच्या वर गेलेला असतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातले एक बालरोगतज्ज्ञ २००२ साली रात्री घराच्या दारात आपली गाडी मागे घेत होते. आरसे पाहिले, मान वळवली. तरी त्यांचाच दोन वर्षांचा मुलगा चाकाखाली आला. घरातून कधी बाहेर पडला ते कोणाला कळले नाही. त्या बापाने आणि तशाच इतर आई-बापांनी पाठपुरावा केला. २००८ साली कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तिथे प्रत्येक नव्या मोटारीला मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे काही आले की टीं-टीं वाजणारे यंत्र सक्तीचे आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीला असे काही नाही. आणि आपल्या अंगणात किती लेकरे खेळत असतात!

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असल्याने मोटारीचा साधा कॅमेरा तिला चालतो. पडद्यासह तो काही हजारांत येतो. कॅमेरा ट्रॉलीच्या मागच्या फळकुटाला वरच्या बाजूला लावावा, खाली लावला तर चिखल बसतो. ट्रॉली सोडताना तार निघेल असा जोड मधे ठेवावा. पडदा उन्हात दिसत नाही, त्याला पत्र्याची छोटी पडवी करावी. आणि कॅमेरा असो-नसो, ट्रॉली मागे घेण्याआधी खाली उतरून एक फेरी मारावी आणि लेकरे ओट्यावर मोजून घ्यावीत.

वाईट वेळ आलीच तर एक माहिती असू द्या. २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना लागू आहे. तीत खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक जण धरला जातो, वय १० ते ७५. अपघाती मृत्यू झाल्यास, तसेच दोन डोळे किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, ३० दिवसांच्या आत. पोलिसांचा पंचनामा आणि सात-बारा लागतो. दुःखात हे ३० दिवस निघून जातात, म्हणून शेजाऱ्याने आठवण करून द्यावी.

ज्या शेतकऱ्याबरोबर मी त्या दिवशी गोदामात होतो, त्याने तो अपघात पाहिला होता. त्याने पुढच्याच हंगामात आपल्या ट्रॉलीला कॅमेरा लावून घेतला. मध्यंतरी त्याच्या गावी गेलो तर ट्रॅक्टर अंगणात मागे येत होता आणि त्याची आई हातात काठी घेऊन ट्रॉलीच्या बाजूला उभी होती. मी विचारले, "काय गं आजी, कॅमेरा कुठे गेला?"

"उंदरानं तार खाल्ली बावा," आजी म्हणाली. "नवी येईलोक म्याच हाय कॅमेरा. ए पोट्टेहो, ओट्यावर चढा सारे!"